कार्लाइल इंडियन संघाचा १९१२ चा फुटबॉल हंगाम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल या गावी असलेल्या इंडियन औद्योगिक शाळेच्या संघाने १९१२ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात महाविद्यालयीन फुटबॉलचे चौदा सामने खेळले. त्यांपैकी बारा त्याने जिंकले, एक बरोबरीत सुटला व एक गमावला. स्वतः ५०४ गुण मिळवून प्रतिस्पर्ध्यांस त्याने अवघे ११४ गुण मिळू दिले. या संघातील खेळाडू अमेरिकन इंडियन जमातींचे होते व त्यांपैकी जिम थॉर्प (१८८७–१९५३) हा पुढे जगद्‌विख्यात झाला. अमेरिकन क्रीडेतिहासात हा हंगाम थॉर्पच्या नावानेच सांगितला जातो. मात्र ही शाळा कशासाठी काढली होती आणि खेळातील यशाचा लाभ कोणाच्या पदरात पडला, हे लक्षात घेतल्यावाचून त्याचा पूर्ण अर्थ कळत नाही.

कार्लाइलची शाळा १८७९ मध्ये लष्कराच्या जुन्या बराकींत सुरू झाली. तिचा संस्थापक रिचर्ड हेन्‍री प्रॅट (१८४०–१९२४) हा घोडदळातील अधिकारी होता. फ्लॉरिडातील फोर्ट मॅरियन या किल्ल्यात १८७५ ते १८७८ या काळात मैदानी प्रदेशातील जमातींचे युद्धकैदी ठेवण्यात आले होते. ते प्रॅटच्या ताब्यात असताना त्याने त्यांना गणवेश, कवायत व इंग्रजी भाषा यांचे शिक्षण दिले. या प्रयोगावरून त्याचे असे मत बनले, की इंडियन माणूस बुद्धीने वा गुणांनी कमी नसतो. त्याचे इंडियनपण तेवढे नाहीसे केले पाहिजे, म्हणजे माणूस शिल्लक राहील. मुलांना जमातीपासून शेकडो मैल दूर आणणे, आल्याबरोबर त्यांचे केस कापणे, नवी नावे देणे, मातृभाषा बोलण्यास बंदी करणे, अर्धा दिवस पाठ्यविषय व अर्धा दिवस सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम वा धुलाई, अशी या शाळेची पद्धत होती. सुटीत मुलांना घरी न पाठविता गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी कामाला ठेवीत. १९१८ पर्यंत १४० हून अधिक जमातींतील सु. ७,८०० मुले-मुली या शाळेत आली. त्यांतील अनेक क्षय व अन्य साथींना बळी पडली. शाळेच्या दफनभूमीतील कबरींची संख्या १८० हून अधिक आहे. प्रॅट हा आपल्या काळातील वंशद्वेष्ट्या मतांच्या विरोधात उभा होता, हे खरे. परंतु त्याच्या उदारपणाची किंमत मुलांनी व त्यांच्या आईबापांनी मोजली.

कार्लाइल हे महाविद्यालय नव्हते. तेथील शिक्षणाचा दर्जा फार तर माध्यमिक शाळेचा होता. असे असूनही हार्व्हर्ड, येल, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या विद्यापीठांचे संघ तिच्याशी खेळण्यास राजी होत, कारण या सामन्यांना गर्दी लोटे. शाळेत फुटबॉल आला तो मुलांच्या हौसेने. एका सामन्यात विद्यार्थ्याचा पाय मोडल्यावर प्रॅटने बाहेरच्या संघांशी खेळण्यास मनाई केली. पुढे १८९३ च्या सुमारास मुलांचे एक शिष्टमंडळ त्याच्याकडे गेले व त्याने दोन अटींवर परवानगी दिली. पहिली अट अशी, की प्रतिपक्षाने ठोसा मारला, तरी आपण उलट ठोसा मारायचा नाही, कारण तसे केल्यास प्रेक्षक त्यांना रानटी म्हणतील. दुसरी अट, काही वर्षांत देशातील उत्तमोत्तम संघांना हरवायचे. पहिल्या अटीत प्रॅटचे सारे शिक्षणशास्त्र सामावलेले होते. गोऱ्या खेळाडूने ठोसा मारला, तर तो खेळातील आडदांडपणा ठरे. इंडियन खेळाडूने मारला, तर तो साऱ्या वंशाच्या स्वभावाचा पुरावा ठरे. १८९६ मध्ये येलविरुद्धच्या सामन्यात कार्लाइलचा एक टचडाउन, आपण खेळ आधीच थांबविला होता, असे सांगून पंचाने अमान्य केला व सामना येलने १२–६ असा जिंकला. त्याविरुद्ध प्रेक्षकांनीच आरडाओरडा केला. कार्लाइलच्या खेळाडूंनी मात्र अट पाळली.

ग्लेन स्कोबी वॉर्नर (१८७१–१९५४) हा ‘पॉप’ या नावाने ओळखला जाणारा प्रशिक्षक १८९९ मध्ये कार्लाइलला आला व मधली काही वर्षे वगळता १९१४ पर्यंत तेथे होता. त्याच्या हाताखालील खेळाडू अंगाने प्रतिस्पर्ध्यांपेक्षा हलके असत. त्यामुळे वजनाच्या जोरावर रांग रेटण्याचा त्या काळी रूढ असलेला खेळ त्यांना परवडण्यासारखा नव्हता. वेग, हुलकावणी व अनपेक्षित चाल यांवर वॉर्नरने भर दिला. १९०३ मध्ये हार्व्हर्डविरुद्ध एका खेळाडूच्या सदऱ्याच्या पाठीत चेंडू लपवून सारे खेळाडू वेगवेगळ्या दिशांनी धावत सुटले व हार्व्हर्डचे खेळाडू चेंडू शोधीत असताना तो खेळाडू टोकाच्या रेषेपलीकडे पोहोचला. सामना हार्व्हर्डने १२–११ असा जिंकला, तरी लोकांच्या स्मरणात राहिली ती ही चालच. कार्लाइलच्या खेळाचे वर्णन करताना तत्कालीन बातमीदार ‘इंडियन कावा’ असा शब्दप्रयोग करीत. वास्तविक नियमांतील फटी शोधणारा वॉर्नर हा न्यूयॉर्क राज्यातील, कायद्याचे शिक्षण घेतलेला गोरा गृहस्थ होता.

येथे या खेळाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. भारतात फुटबॉल या नावाने जो खेळ ओळखला जातो, त्याच्याशी अमेरिकन फुटबॉलचे नावापलीकडे फारसे साम्य नाही. हा खेळ रग्बीपासून निघाला. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असतात. लंबगोल चेंडू हातात धरून वा फेकून प्रतिपक्षाच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेणे म्हणजे टचडाउन. चेंडू नेणाऱ्याला अंगावर झेप घेऊन पाडता येते. ठराविक संधींत दहा यार्ड पुढे सरकता आले नाही, तर चेंडू दुसऱ्या बाजूकडे जातो. शतकाच्या आरंभी हा खेळ इतका जीवघेणा झाला होता, की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यास त्यात लक्ष घालावे लागले. १९०६ मध्ये चेंडू हाताने पुढे फेकण्यास परवानगी मिळाली. मोठ्या विद्यापीठांनी या सवलतीकडे काहीसे नाक मुरडूनच पाहिले. कार्लाइलने ती तत्काळ उचलली. १९०७ मध्ये पेनसिल्व्हेनिया, हार्व्हर्ड, मिनेसोटा व शिकागो या बलाढ्य संघांना हरवून कार्लाइलने दहा सामने जिंकले व प्रिन्स्टनविरुद्धचा एक तेवढा गमावला. १९१२ मध्ये नियम पुन्हा बदलले. दहा यार्ड सरकण्यासाठी तीनऐवजी चार संधी मिळू लागल्या. टचडाउनचे गुण पाचाचे सहा झाले. मैदान ११० यार्डांवरून १०० यार्डांवर आले व दोन्ही टोकांना दहा यार्डांची पट्टी ठेवण्यात आली. चेंडू वीस यार्डांपेक्षा लांब फेकू नये, हे बंधनही गेले. धावणाऱ्या व फेकणाऱ्या संघाला अनुकूल असे हे सर्व बदल होते. वॉर्नर व त्याचे खेळाडू यांना जणू वर्षभर त्यांचीच प्रतीक्षा होती.

हंगामाची पार्श्वभूमी एवढीच नव्हती. ओक्लाहोमाच्या सॅक अँड फॉक्स जमातीत जन्मलेला थॉर्प १९०४ मध्ये कार्लाइलला आला. १९०९ व १९१० ही दोन वर्षे तो शाळेत नव्हता. १९११ मध्ये परतल्यावर त्याने हार्व्हर्डविरुद्ध चार मैदानी गोल मारून कार्लाइलला १८–१५ असा विजय मिळवून दिला. त्या वर्षी कार्लाइलने बारापैकी अकरा सामने जिंकले. सिरॅक्यूज विद्यापीठाशी मात्र अवघ्या एका गुणाने हार पतकरावी लागली. १९१२ च्या जुलैमध्ये स्टॉकहोम येथील ऑलिंपिक सामन्यांत थॉर्पने पेंटॅथ्लॉन व डेकॅथ्लॉन अशी दोन सुवर्णपदके मिळविली. त्याच सामन्यांत कार्लाइलचाच ल्यूइस ट्युआनिमा हा होपी धावपटू १०,००० मी. शर्यतीत दुसरा आला. ट्युआनिमाला १९०७ मध्ये त्याच्या जमातीतील ‘विरोधी’ गटातील तरुणांबरोबर सरकारने सक्तीने कार्लाइलला आणले होते. त्या काळी बहुसंख्य इंडियनांना ज्या देशाचे नागरिकत्वही नव्हते, त्या देशासाठी हे खेळाडू पदके आणीत होते. सर्व इंडियनांना नागरिकत्व देणारा कायदा झाला तो १९२४ मध्ये.

सप्टेंबरमध्ये थॉर्प कर्णधार म्हणून मैदानात उतरला. चेंडू कसा व कोणाकडे जावा, हे ठरविणारा क्वार्टरबॅक गस वेल्श हा ओजिब्वे जमातीचा होता व पुष्कळांच्या मते संघाचे खरे डोके तोच होता. त्याच्या पाठीशी थॉर्प, अलेक्स आर्कासा व स्टॅन्सिल पॉवेल हे चेंडू नेणारे गडी असत. पुढच्या रांगेत जो गायन, पीट कॅलॅक, जो बर्गी हे होते. २१ सप्टेंबरला ऑलब्राइटविरुद्ध ५०–७, चार दिवसांनी लेबनन व्हॅलीविरुद्ध ४५–०, पुढील तीन दिवसांत गावातल्याच डिकिन्सन महाविद्यालयाविरुद्ध ३४–०, नंतर व्हिलनोव्हाविरुद्ध ६५–० असे विजय मिळाले. हे प्रतिस्पर्धी तुलनेने दुबळे होते. पण ५ ऑक्टोबरला वॉशिंग्टन अँड जेफर्सन महाविद्यालयाशी खेळताना थॉर्पच्या लाथा वारंवार हुकल्या व सामना गुणांवाचून बरोबरीत सुटला. पंधरा दिवसांतील तो पाचवा सामना होता, हेही येथे ध्यानात घ्यावे लागेल. पुढे सिरॅक्यूजला ३३–० असे हरवून आदल्या वर्षीचे उट्टे काढण्यात आले. पिट्सबर्गचा ४५–८ व जॉर्जटाउनचा ३४–२० असा पाडाव झाला.

जॉर्जटाउनचा सामना २६ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये झाला आणि २८ ऑक्टोबरला संघ कॅनडातील टोराँटो येथे तेथील निवडक खेळाडूंशी खेळत होता. तो सामना ४९–१ असा संपला. टचडाउनवाचून एकटा गुण मिळणे हे अमेरिकन नियमांत बसत नाही. प्रतिपक्षाचा हा एक गुण कॅनडातील नियमांचा प्रसाद होय. इतकी दगदग करण्याचे कारण आर्थिक होते. कार्लाइल हे लहान गाव. तेथील मैदानावर मोठी प्राप्ती होणे शक्य नव्हते. म्हणून मोठ्या शहरांत जाऊन तिकिटांच्या उत्पन्नातील वाटा मिळवावा लागे. चौदापैकी बहुतेक सामने परक्या मैदानावर झाले. संघाला स्वतःचे असे प्रेक्षक जवळजवळ नव्हतेच. खेळाडूंचे आईबाप हजारो मैलांवर राखीव प्रदेशांत होते. उत्पन्न शाळेच्या क्रीडामंडळाच्या खात्यात जाई व त्या खात्यावर सरकारी तिजोरीचे नियंत्रण नव्हते. ही गोष्ट पुढे दोन वर्षांनी चव्हाट्यावर आली.

९ नोव्हेंबर १९१२ रोजी वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीच्या मैदानावर झालेला सामना हा या हंगामाचा कळसाध्याय होय. या दोन संघांची गाठ याआधी १९०५ मध्ये पडली होती व कार्लाइलने ती ६–५ अशी जिंकली होती. सैन्याचे भावी अधिकारी एका बाजूस व त्या सैन्याने जिंकलेल्या जमातींची मुले दुसऱ्या बाजूस, असा हा सामना. दक्षिण डकोटातील वुंडेड नी येथे लाकोटा स्त्री-पुरुष व मुले यांची घोडदळाने केलेली कत्तल २९ डिसेंबर १८९० ची; म्हणजे तिला त्या वेळी पुरती बावीस वर्षेही झाली नव्हती. तुमच्या बापआज्यांशी यांचे बापआजे लढले, अशी आठवण वॉर्नरने सामन्यापूर्वी खेळाडूंना करून दिल्याचे सांगतात. त्याच्या स्वभावाशी ते सुसंगत आहे. मात्र सॅक अँड फॉक्स, ओजिब्वे, लाकोटा या भिन्न भाषा व भिन्न इतिहास असलेल्या जमाती होत. त्या सर्वांना एकच ‘इंडियन’ करण्याचे काम शाळेने व वृत्तपत्रांनी मिळून केले होते. युद्धसज्ज टोळी, कुऱ्हाड, शत्रूच्या डोक्याची कातडी या वाक्प्रचारांवाचून कार्लाइलच्या सामन्याची बातमी क्वचितच छापली जाई. खेळाडूंचे इंडियनपण पुसून टाकणे हा ज्या शाळेचा हेतू, तिचा संघ लोकप्रिय होता तो त्याच इंडियनपणाच्या आकर्षणामुळे; ही विसंगती शाळेच्या चालकांना जाचत होती, असे दिसत नाही.

सामन्याच्या पूर्वार्धात वेस्ट पॉइंटने पहिला टचडाउन करून ६–० अशी आघाडी घेतली. कार्लाइलने टचडाउन व त्यावरील गुण मिळवून मध्यंतरापूर्वी ती ७–६ अशी उलटविली. या सामन्यासाठी वॉर्नरने एक नवी मांडणी तयार केली होती. दोन्ही हाफबॅक नेहमीप्रमाणे पाठीमागे न ठेवता त्यांना रांगेच्या दोन्ही टोकांशी उभे करण्यात आले. त्यामुळे धाव कोणत्या बाजूने येईल, की चेंडू फेकला जाईल, हे शेवटच्या क्षणापर्यंत बचाव करणाऱ्यास कळेना. हीच मांडणी पुढे ‘डबल विंग’ या नावाने देशभर रूढ झाली. पॉवेल याला ठोसा मारल्यावरून मैदानाबाहेर जावे लागले. प्रॅटची १८९३ ची अट त्या दिवशी मोडली गेली, असे म्हणता येईल. पण त्यानंतर वेस्ट पॉइंटचा कर्णधार लीलंड डेव्होर याचाही तोल सुटला व गायनला मारहाण केल्याबद्दल पंचांनी त्यालाही काढून टाकले. सैन्याच्या भावी अधिकाऱ्याने इंडियन खेळाडूवर हात टाकावा व त्यासाठी त्याला हजारो प्रेक्षकांसमोर मैदान सोडावे लागावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. उत्तरार्धात कार्लाइलने प्रतिपक्षास एकही गुण मिळू दिला नाही. चार टचडाउनांपैकी तीन आर्कासाचे होते. पुष्कळ ठिकाणी त्यांच्यासाठी वाट मोकळी करून दिली ती थॉर्पच्या धावांनी व त्याच्या धाकाने. अंतिम गुणसंख्या २७–६ अशी झाली.

या सामन्याभोवती दंतकथाही पुष्कळ जमल्या आहेत. थॉर्पने ९२ यार्ड धावून केलेला टचडाउन एका सहकाऱ्याच्या चुकीमुळे अमान्य झाला व लगेचच पुढच्या खेपेस त्याने ९७ यार्ड धावून तो पुन्हा केला, ही कथा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. टचडाउनांचा हिशेब पाहता तिला आधार मिळत नाही. दुसरी कथा ड्वाइट आयझनहौअर (१८९०–१९६९) याच्याविषयी आहे. भावी राष्ट्राध्यक्ष असलेला हा विद्यार्थी त्या दिवशी वेस्ट पॉइंटकडून खेळत होता. थॉर्पला दोन्ही बाजूंनी एकदम धडक देऊन जायबंदी करण्याचा बेत त्याने एका सहकाऱ्याबरोबर केला. पण थॉर्प ऐन वेळी थबकला आणि ते दोघे एकमेकांवरच आदळले. आयझनहौअरला मैदान सोडावे लागले. त्याची फुटबॉलमधील कारकीर्द याच धडकेने संपली, अशी समजूत आहे. परंतु त्याच्या गुडघ्याची निर्णायक दुखापत ही पुढच्या आठवड्यात टफ्ट्सविरुद्धच्या सामन्यातील होय. थॉर्पच्या खेळाविषयी आयझनहौअरने पुढे आयुष्यभर आदरानेच उद्‌गार काढले.

वेस्ट पॉइंटच्या विजयानंतर अवघ्या एका आठवड्याने, १६ नोव्हेंबरला, फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कार्लाइलला ३४–२६ असे हरविले. त्या हंगामात पेनसिल्व्हेनियाचा संघ फारसा चांगला नव्हता. कार्लाइलच्या हातून चेंडू निसटले, बचाव ढिला पडला. थकवा हे त्याचे उघड कारण दिसते. या एका पराभवामुळे हंगामातील सर्वश्रेष्ठ संघ म्हणून कार्लाइलचे नाव घेणे अवघड झाले. अधिकृत राष्ट्रीय विजेतेपद त्या काळी नव्हतेच. तरी नऊपैकी नऊ सामने जिंकणाऱ्या हार्व्हर्डकडे तो मान जातो. कार्लाइल व हार्व्हर्ड यांची त्या वर्षी गाठ पडली नाही, ही क्रीडारसिकांची कायमची हळहळ आहे. २३ नोव्हेंबरला स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयाने कार्लाइलला चांगलेच झुंजविले. बास्केटबॉलचा जन्म १८९१ मध्ये झाला तो याच विद्यालयात. ३०–२४ असा निसटता विजय मिळाला व त्यात गुणांचा मोठा वाटा थॉर्पचा होता. २८ नोव्हेंबरला, आभारदिनी, प्रॉव्हिडन्स येथे ब्राउन विद्यापीठाचा ३२–० असा पराभव करून हंगाम संपला. कार्लाइलच्या गणवेशातील थॉर्पचा हा शेवटचा सामना. हंगामात त्याने एकट्याने निदान २५ टचडाउन केले व सलग दुसऱ्या वर्षी वॉल्टर कँपच्या अखिल अमेरिकन संघात त्याची निवड झाली.

दोन महिने उलटण्याच्या आत चित्र पालटले. १९१३ च्या जानेवारीत मॅसॅचूसेट्समधील वुस्टर येथील वृत्तपत्राने अशी बातमी दिली, की १९०९ व १९१० मध्ये थॉर्प नॉर्थ कॅरोलायनातील दुय्यम दर्जाच्या संघांतून पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. असे खेळणारे महाविद्यालयीन विद्यार्थी त्या काळी पुष्कळ होते. परंतु ते टोपणनावाने खेळत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला. हौशी खेळाडूंच्या संघटनेकडे त्याच्या सहीचे एक पत्र गेले. आपण एक साधा इंडियन शाळकरी मुलगा असून या गोष्टी आपणास कळत नव्हत्या, असा त्याचा आशय होता. पत्राच्या भाषेवरून त्यामागे वॉर्नरचा हात असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. वॉर्नर व शाळेचे अधीक्षक यांनी आपणास काहीच माहीत नव्हते, असे सांगितले. आपला सर्वोत्तम खेळाडू दोन वर्षे कोठे होता, हे प्रशिक्षकाला ठाऊक नव्हते, हे पटण्यासारखे नाही. ऑलिंपिकच्या नियमांनुसार आक्षेप सामन्यांनंतर तीस दिवसांच्या आत यावयास हवा होता. तो नियमही बाजूला सारण्यात आला. थॉर्पची पदके परत घेण्यात आली व ती दुसऱ्या क्रमांकाच्या नॉर्वेजियन व स्वीडिश खेळाडूंना देण्यात आली. वॉर्नरची नोकरी व शाळेचे नाव दोन्ही शाबूत राहिले.

विचारणा झाली ती खेळाडूंनी केली म्हणून. गस वेल्शच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांनी चौकशीसाठी सह्यांचा अर्ज केला आणि १९१४ च्या फेब्रुवारीत काँग्रेसच्या संयुक्त आयोगाने कार्लाइलला येऊन साक्षी नोंदविल्या. विद्यार्थ्यांना होणारी मारहाण, अपुरे अन्न, अधीक्षकाविषयीचा अविश्वास या तक्रारींबरोबरच क्रीडामंडळाच्या खात्याचे व्यवहारही उघड झाले. सामान्य विद्यार्थ्यांची आबाळ होत असताना फुटबॉलच्या खेळाडूंना वेगळे निवासस्थान व चांगले जेवण मिळत होते. वॉर्नर खेळाडूंना शिवीगाळ करतो व हात उगारतो, सामन्यांची तिकिटे हॉटेलच्या दिवाणखान्यात विकतो, अशी साक्ष स्वतः वेल्शने दिली. त्याला चांगले जेवण मिळत होते आणि कीर्तीही मिळाली होती. गप्प राहण्यात त्याचा तोटा नव्हता. शाळेच्या साऱ्या इतिहासात या साक्षीइतके धैर्याचे दुसरे कृत्य क्वचितच सापडेल. अधीक्षकाला पद सोडावे लागले. वॉर्नर १९१५ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात गेला व तेथे त्याची कीर्ती आणखी वाढली. कार्लाइलचा संघ मात्र झपाट्याने खालावला. १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी लष्कराने बराकी परत मागितल्या व शाळा कायमची बंद झाली.

संघातील खेळाडूंची पुढील आयुष्ये सारखी नव्हती. वेल्शने डिकिन्सन महाविद्यालयात कायद्याचा अभ्यास केला, महायुद्धात सैन्यात काम केले व नंतर फुटबॉलचा प्रशिक्षक झाला. गायनने १९१७ च्या जॉर्जिया टेक संघात चमकदार खेळ केला. थॉर्प १९२० मध्ये स्थापन झालेल्या व्यावसायिक फुटबॉल संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला. १९२२ व १९२३ मध्ये ओहायओतील एका श्वानपालकाने आपल्या कुत्र्यांच्या जाहिरातीसाठी ‘ऊरँग इंडियन्स’ हा केवळ इंडियन खेळाडूंचा संघ काढला. थॉर्प, गायन व कॅलॅक हे त्यात होते. मध्यंतरात विश्रांती घेण्याऐवजी खेळाडूंना प्रेक्षकांसमोर इंडियन नृत्ये व कुत्र्यांचे खेळ करून दाखवावे लागत. कार्लाइलने केस कापून ज्यांना ‘सुधारले’, त्यांना पोटासाठी पिसांचा मुकुट चढवावा लागला.

थॉर्प १९५३ मध्ये निर्धन अवस्थेत मरण पावला. ओक्लाहोमात जमातीच्या रीतीने अंत्यविधी चालू असतानाच त्याच्या तिसऱ्या पत्नीने त्याचा देह हलविला. पुढे पेनसिल्व्हेनियातील दोन गावांनी एकत्र येऊन त्याचे नाव धारण करण्याचे मान्य केल्यावर तो त्या गावी पुरण्यात आला. देह परत मिळावा, म्हणून त्याच्या मुलांनी चालविलेला दावा २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घेण्यास नकार दिल्याने संपला. पदकांचा निकाल त्याहून बरा लागला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९८२ मध्ये थॉर्पचे नाव सहविजेता म्हणून पुन्हा नोंदविले व जानेवारी १९८३ मध्ये पदकांच्या प्रतिकृती त्याच्या कुटुंबीयांना दिल्या. २०२२ मध्ये दोन्ही प्रकारांतील एकमेव विजेता म्हणून त्याला मान्यता मिळाली. दरम्यान, कार्लाइलच्या दफनभूमीतील मुलांचे अवशेष त्यांच्या जमातींकडे परत देण्याचे काम २०१७ पासून लष्कराने हाती घेतले. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जो बायडन याने शाळेच्या जागेस राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केले. बराकींत १९५१ पासून सैन्याचे उच्च युद्ध महाविद्यालय आहे. वॉर्नरच्या संघाचे मैदान ‘इंडियन फील्ड’ या नावाने तेथे टिकून आहे आणि सैन्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वार्षिक क्रीडास्पर्धा जिम थॉर्पच्या नावाने त्याच मैदानावर भरत आल्या आहेत.